वंदनीय मॅट टॅल्बट : डब्लिन शहरांतील एक मजूर

जुबिलीच्या या पुस्तिकेंत एखाद्या साधुपुरुषाचें चरित्र असावें, अशी समितीची इच्छा पडली आणि तें काम आम्हांकडे आलें. आमच्या वेदीवर ज्यांच्या मूर्ति आहेत त्यांचीं चरित्रें नोव्हेनाच्या प्रवचनांतून वाचकांनीं पुष्कळदां ऐकलीं आहेत. म्हणून ज्याची मूर्ति आमच्या धर्मग्रामांत कोठेंही नाहीं, ज्याला अद्याप संतपदही मिळालेलें नाहीं, आणि ज्याच्या आयुष्याचीं सुमारें सोळा वर्षें दारूच्या गुत्त्यांत गेलीं, अशा एका मजुराचें चरित्र आम्ही निवडलें आहे. निवडीचें कारण वाचकांनीं आम्हांस विचारूं नये. आपल्याच आळींतले दोन-चार उंबरठे मोजले म्हणजे तें ज्याचें त्याला सांपडेल.

आयर्लंड देशाची ख्रिस्तश्रद्धा जितकी प्रसिद्ध, तितकीच तेथील लोकांची मद्यासक्तीही एके काळीं प्रसिद्ध होती. त्या देशांत इ. स. १८५६ या एकाच सालीं दोन गोष्टी घडल्या. २ मे रोजीं डब्लिन शहराच्या उत्तर भागांत, नॉर्थ स्ट्रँड या रस्त्यालगतच्या गरीब वस्तींत, मॅथ्यू टॅल्बट जन्मला. त्याच सालच्या ८ डिसेंबरास, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कापुचिन धर्मगुरूंनीं कॉर्क बंदरांतील क्वीन्सटाऊन या गांवीं देह ठेवला.

या फादर मॅथ्यूंविषयीं दोन शब्द येथें सांगणें प्राप्त आहे. कॉर्क शहरांतील विल्यम मार्टिन नांवाचा एक क्वेकरपंथी गृहस्थ त्यांना पुष्कळ दिवस विनवीत होता कीं, दारूनें चाललेला गरिबांचा नाश थांबवावयाचा तर आपणच पुढें झालें पाहिजे. शेवटीं १० एप्रिल १८३८ रोजीं फादरांनीं स्वतः मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली. पुढील पांच-सहा वर्षांत लक्षावधि स्त्रीपुरुषांनीं त्यांच्यापुढें गुडघे टेकून ती प्रतिज्ञा घेतली. कांहीं गांवीं प्रतिज्ञा घेतलेल्या लोकांचीं वाचनालयें निघालीं, बॅंडपथकें निघालीं, गुत्ते ओस पडले. परंतु १८४५ सालीं बटाट्याचें पीक बुडून भयंकर दुष्काळ सुरू झाला, फादरांची प्रकृति ढासळली, आणि ते गेल्यावर त्या महापुराचें पाणी बव्हंशीं ओसरून गेलें. याचीं कारणें इतिहासकार अनेक देतात. आमच्या अल्पमतीस एक ठळक दिसतें. पांच हजारांच्या गर्दींत प्रतिज्ञा घेणारा मनुष्य पुढल्या शनिवारीं पगार हातांत घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राही, तेव्हां त्याच्या शेजारीं कोणीही नसे. टॅल्बटचें चरित्र वाचतांना ही गोष्ट मनांत ठेवावी.

मॅटचा बाप चार्ल्स हा गोदीवर नोकर होता. आईचें नांव एलिझाबेथ. या दांपत्याला बारा अपत्यें झालीं, त्यांत मॅट दुसरा. जन्मानंतर तिसऱ्या दिवशीं, ५ मे रोजीं, त्याचा बाप्तिस्मा झाला. मिळकत थोडी, खाणारीं तोंडें पुष्कळ, आणि बिऱ्हाड वारंवार बदलावें लागे. बापाला पिण्याची संवय होती व राग आला म्हणजे त्याचा हात आवरत नसे. थोरला मुलगा जॉन सोडला तर घरांतले बहुतेक मुलगे त्याच वाटेनें गेले. मॅट ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेंत जेमतेम वर्षभर गेला असेल. शाळा चुकविणारा मुलगा म्हणून हजेरीपटांत त्याची नोंद आहे. पुढें जो संत ऑगस्टीनचें आत्मनिवेदन वाचीत बसे, त्याला त्या वयांत धड वाचतांही येत नव्हतें.

बाराव्या वर्षीं त्याला एका मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लावण्यांत आलें. तेथें काळी बिअर बाटल्यांत भरण्याचें काम असे. बाटल्यांच्या तळाशीं उरलेली बिअर पोरें पिऊन टाकीत. थोडक्याच दिवसांत हा मुलगा झिंगत घरीं येऊं लागला. बापानें त्याला चोप दिला आणि आपल्या नजरेखालीं राहील म्हणून गोदींतल्या जकातीच्या गोदामांत आपल्याजवळ कामास घेतलें. त्या गोदामांत व्हिस्कीचीं पिपें ठेवलेलीं असत. आगींतून फुफाट्यांत म्हणतात तें हेंच. बिअर पिणारें पोर आतां व्हिस्की पिऊं लागलें. बापाची लाज जाऊं नये म्हणून मॅटनें कांहीं दिवसांनीं तें काम सोडलें व गवंड्यांच्या हाताखालीं विटा आणि चुना वाहण्याचें काम धरलें.

त्याची एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे, कीं तो आळशी कधींच नव्हता. विटांचें ओझें घेऊन शिडी चढण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून मुकादम त्याला नेहमीं रांगेंत पुढें ठेवीत. दारू पिणारा तो कामचुकार, अशी आपल्यांत एक सरसकट समजूत आहे ती खोटी आहे. असा मनुष्य दिवसभर बैलासारखा राबतो, आणि म्हणूनच घरच्यांना पुष्कळ वर्षें कळत नाहीं कीं आंत कांहीं पोखरलें जात आहे. मॅटचा आठवड्याचा पगार शनिवारीं मिळे आणि बहुधा सोमवार-मंगळवारपर्यंत संपे. आईच्या हातीं कधीं थोडें पडे, कधीं कांहींच नाहीं. पैसे संपले म्हणजे तो अंगावरचा कोट किंवा पायांतले बूट विकी आणि अनवाणी घरीं येई. हातांत असेल तेव्हां मात्र इतरांना पाजण्यांत त्याचा हात सढळ असे. ही दुसरी खूण पुढें उपयोगी पडणार आहे.

एक गोष्ट त्याला मरेपर्यंत टोंचत राहिली. रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब मनुष्याचें तें वाद्य मॅट आणि त्याच्या सोबत्यांनीं पळविलें, गहाण टाकलें, आणि त्या पैशांची दारू प्याले. फिडल हेंच त्या मनुष्याचें शेत, हेंच त्याचें जाळें. पुढें शुद्धीवर आल्यावर मॅटनें त्याला डब्लिनच्या रस्त्यारस्त्यांतून आणि अनाथगृहांतून वर्षानुवर्षें शोधलें. तो सांपडला नाहीं. शेवटीं परतफेडीचे पैसे त्यानें त्याच्या आत्म्यासाठीं मिस्सा अर्पण करण्याकरितां दिले. आम्ही कुमसाराच्या पेटींत अनेक वर्षें बसलों आहों, आणि आमच्या अनुभवास हें येतें कीं, बाटलीवर खर्च झालेल्या पैशांचें दुःख मनुष्याला फार दिवस राहत नाहीं, असल्या एखाद्या फिडलचें राहतें.

देवधर्म त्यानें अगदींच सोडला नव्हता. रविवारची मिस्सा तो सहसा चुकवीत नसे, पण दोन-तीन वर्षांत पापनिवेदन केलें नव्हतें व पवित्र कम्युनियन घेतलें नव्हतें. असे लोक प्रत्येक चर्चमध्यें मागच्या खांबापाशीं उभे असतात.

आतां १८८४ सालच्या त्या शनिवाराकडे येऊं. मॅटचें वय अठ्ठावीस. आठवडाभर त्यानें काम केलें नव्हतें, म्हणून खिशांत कांहीं नव्हतें आणि घसा कोरडा होता. धाकट्या भावासह तो ओमीरा यांच्या गुत्त्याजवळच्या कोपऱ्यावर दुपारीं जाऊन उभा राहिला. कामकरी पगार घेऊन त्याच वाटेनें येणार होते. ज्यांना आपण इतक्या वेळां पाजलें त्यांतला कोणीतरी आज आपल्याला आंत बोलावील, अशी त्याची खात्री होती. कामकरी आले. कोणी नुसतें नांव घेऊन विचारपूस केली, कोणी मान हलविली, कोणी तीही हलविली नाहीं. सर्व आंत गेले. मॅट बाहेर राहिला.

देवाची कृपा पुष्कळदां घंटानादाबरोबर येते असें आपण समजतों. येथें ती अपमानाच्या रूपानें आली. पुढें त्यानेंच आपल्या निकटच्यांना सांगितलें कीं, त्या क्षणीं तहानेपेक्षां मित्रांच्या वागण्यानें त्याच्या काळजाला घाव बसला. तो वळला आणि सरळ घरीं गेला. आई जेवणाची तयारी करीत होती. शनिवारीं इतक्या लवकर आणि शुद्धीवर मुलगा घरीं आलेला पाहून तिला आश्चर्य वाटलें. जेवण झाल्यावर त्यानें तिला सांगितलें कीं, आपण दारू सोडण्याची प्रतिज्ञा घ्यावयास जात आहों. त्या माउलीनें आनंदाचा उद्गारही काढला नाहीं. असे शब्द तिनें नवऱ्याच्या आणि मुलांच्या तोंडून किती वेळां ऐकले असतील! पाळावयाची नसेल तर घेऊं नको, घेणार असशील तर देवाच्या नांवानें जा, अशा अर्थाचें बोलून तिनें त्याला वाटेस लावलें. तो दाराबाहेर पडतांना मात्र तिनें देवाजवळ त्याच्यासाठीं बळ मागितलें.

जवळच क्लॉनलिफ येथें होली क्रॉस कॉलेज हें त्या काळीं डब्लिन महाधर्मप्रांताचें गुरुविद्यालय होतें. मॅट तेथें गेला, एका धर्मगुरूपाशीं त्यानें पापनिवेदन केलें आणि प्रतिज्ञा घेतली. ती फक्त तीन महिन्यांची होती. त्या धर्मगुरूंच्या शहाणपणाचें आम्हांस फार कौतुक वाटतें. सोळा वर्षें पीत आलेल्या मनुष्याकडून जन्माचें वचन घेणें म्हणजे पोहतां न येणाऱ्याला खाडी ओलांडावयास सांगणें. तीन महिने डोळ्यांना दिसतात. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, पहांटे पांचच्या मिस्सेला तो गार्डिनर स्ट्रीटवरील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चर्चमध्यें गेला आणि त्यानें पवित्र कम्युनियन घेतलें.

आमच्या पुष्कळ प्रवचनकारांच्या तोंडी मॅटची गोष्ट येथें संपते. प्रतिज्ञा घेतली आणि सुटला, असें ते सांगतात. खरें पाहतां कठीण भाग येथून पुढें आहे. ते तीन महिने त्याच्या आयुष्यांतले सर्वांत वाईट दिवस होते. काम सुटल्यावर संध्याकाळीं काय करावें हेंच त्याला कळेना. सोळा वर्षांत त्याची प्रत्येक संध्याकाळ एकाच दारांतून आंत गेली होती. ओळखीच्या गुत्त्यांची वाट टाळून तो लांबलांब फिरे आणि दमल्यावर एखाद्या दूरच्या चर्चमध्यें जाऊन बसे. घरीं येऊन तो आईला म्हणे कीं, हें आपल्याच्यानें होणार नाहीं, तीन महिने संपले कीं आपण पुन्हां पिणार. एके दिवशीं तर खिशांत पैसे असतांना तो एका गुत्त्यांत शिरलाच. दुकानांत गर्दी होती, देणाऱ्याचें त्याच्याकडे लक्ष गेलें नाहीं. थोडा वेळ तसाच उभा राहून तो बाहेर पडला, जवळच्या चर्चमध्यें गेला आणि दारें बंद होईपर्यंत तेथेंच बसून राहिला. त्या दिवसापासून त्यानें खिशांत पैसे घेऊन बाहेर पडणेंच सोडून दिलें.

आमच्या भाविकांना आम्ही हें विस्तारानें सांगत आहों याला कारण आहे. वेळ, वाट, पैसा आणि सोबत या चार बाबतींत मॅटनें आपलें आयुष्य बदललें. प्रतिज्ञा ही त्यापुढें एका दिवसाची गोष्ट होती. तीन महिने झाल्यावर त्यानें सहा महिन्यांची प्रतिज्ञा घेतली व नंतर जन्माची. यापुढें एक्केचाळीस वर्षें तो जगला आणि त्याच्या ओठांना दारू पुन्हां लागली नाहीं. तंबाखूचीही त्याला फार आवड होती, तीही त्यानें सोडली. पाईप सोडणें दारू सोडण्यापेक्षां जड गेलें असें तो म्हणत असे. उधारी ठेवलेल्या गुत्त्यांची यादी त्याच्या मनांत होती. पगारांतून थोडे थोडे वांचवून त्यानें ती चुकती केली. पैसे ठेवावे आणि क्षणभरही न रेंगाळतां बाहेर पडावें, असा त्याचा क्रम असे.

सोबतीविषयीं थोडें लिहितों. मॅट एकांतप्रिय होता, परंतु तो एकटा लढला असें कोणी समजूं नये. संध्याकाळच्या वेळीं पूर्वीं गुत्ता होता तेथें आतां चर्च आलें. शहर अंधारांत असतांना पहांटेच्या मिस्सेसाठीं पायऱ्यांवर गुडघे टेकून दार उघडण्याची वाट पाहणारे कामकरी त्याच्याबरोबर असत. येशूसंघीयांच्या चर्चमधील सोडॅलिटीचा तो सभासद झाला, आणि १८९० च्या सुमारास संत फ्रान्सिस यांच्या तिसऱ्या संघांत शिरला. या सभा ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या वेळीं भरत. त्याच गार्डिनर स्ट्रीटवरील चर्चमध्यें फादर जेम्स कलन या येशूसंघीय धर्मगुरूंनीं १८९८ सालीं येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला पायोनियर मद्यत्यागसंघ स्थापन केला व फादर मॅथ्यूंच्या वेळीं जें सुटून गेलें होतें तें शाखा-शाखांनीं बांधून काढलें. शिवाय मॅटला आध्यात्मिक मार्गदर्शक लाभले. अडलेला शब्द घेऊन तो त्यांच्याकडे जाई, कारण आतां तो मोठीं मोठीं पुस्तकें वाचावयास शिकत होता. ज्या काळीं रोज कम्युनियन घेण्याची वहिवाट नव्हती (पोपमहाराज दहावे पायस यांचें त्याविषयींचें फर्मान १९०५ सालचें आहे), त्या काळापासून तो रोज पहांटे मिस्सेला जात होता.

पुढें तो टी. अँड सी. मार्टिन यांच्या लाकडाच्या वखारींत लागला व शेवटपर्यंत तेथेंच मजूर राहिला. जेवणाच्या सुटींत लाकडांच्या थप्प्यांआड तो गुडघे टेकी. सोबत्यांना त्यानें कधीं उपदेश केला नाहीं. कोणी शिवी देतांना तारणाऱ्याचें नांव घेतलें तर मॅट नुसती आपली टोपी काढी. तेवढ्यानें पुष्कळ काम होई. वखारींतले लोक त्याला थट्टेनें कांहीं म्हणत असले तरी अडीनडीला उसने पैसे त्याच्याकडेच मागत, आणि ते परत मागण्याची त्याला संवय नव्हती. १९१३ सालीं डब्लिनमध्यें मालकांनीं हजारों कामगारांना कामावरून बाहेर काढलें, त्या प्रसिद्ध टाळेबंदींत मॅटही आपल्या सोबत्यांबरोबर बाहेर राहिला. युनियनकडून मिळणारे पैसे आपण कमावलेले नाहींत म्हणून तो प्रथम घेईना. मागाहून घेतले तेव्हां ज्यांच्या घरीं लेंकरें होतीं त्यांना वांटूं लागला. चीन देशांत जाणाऱ्या आयरिश मिशनऱ्यांनाही त्यानें आपल्या पोटाला चिमटा घेऊन देणग्या पाठविल्या.

घरीं त्याचें राहणें विलक्षण कठोर होतें. झोपावयास फळी आणि उशाला लांकडाचा ठोकळा. रात्रीं दोन वाजतां उठून तो प्रार्थनेला लागे. बहुतेक दिवस आहार म्हणजे कोरडी भाकर व कोको आणि चहा यांचें मिश्रण. देहाला शिक्षा करण्याच्या या रीति त्याच्या मार्गदर्शकांच्या संमतीनें होत्या. आमच्या वाचकांपैकीं कोणी उत्साहाच्या भरांत त्यांचें अनुकरण करूं नये, ही आमची स्पष्ट सूचना आहे. त्याचे शनिवार मात्र अनुकरण करण्याजोगे आहेत.

आणि एक दुःख त्याचें अखेरपर्यंत फिटलें नाहीं. त्याचे भाऊ पीतच राहिले. त्यानें त्यांना समजाविलें, परंतु त्यांनीं ऐकलें नाहीं, आणि शेवटीं स्वतःला सांभाळण्यासाठीं त्याला वेगळी खोली घ्यावी लागली. ज्याच्या थडग्याशीं आज जगभरचे लोक आपल्या मुलाबाळांसाठीं प्रार्थना करतात, त्याला आपल्या सख्ख्या भावांना सोडवितां आलें नाहीं. आमच्या धर्मग्रामांतील ज्या माता आणि पत्नी आपलेंच कांहीं चुकलें म्हणून रात्रीं रडतात, त्यांच्यासाठीं हें वाक्य आम्ही मुद्दाम लिहिलें आहे. बापाच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८९९ पासून, आई मॅटजवळ येऊन राहिली. १९१५ सालीं ती वारली. रात्रीं जाग आली म्हणजे मुलगा गुडघे टेकून बसलेला तिला दिसे. एके काळीं तोच मुलगा त्याच वेळीं झिंगत घरीं येत असे.

१९२३ सालीं त्याला हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या विकारानें गांठलें आणि मेटर हॉस्पिटलमध्यें राहावें लागलें. बरें वाटल्यावर तो पुन्हां वखारींत गेला, पण पूर्वींची शक्ति आली नाहीं. ७ जून १९२५, पवित्र त्रैक्याचा रविवार. एक मिस्सा ऐकून मॅट दुसऱ्या मिस्सेसाठीं डोमिनिकन धर्मगुरूंच्या संत सेव्हियर चर्चकडे निघाला होता. वाटेंत ग्रॅनबी लेन या गल्लींत तो कोसळला आणि तेथेंच त्याचा प्राण गेला. जमलेल्यांपैकीं कोणालाही तो कोण हें माहीत नव्हतें. प्रेत जर्व्हिस स्ट्रीटच्या इस्पितळांत नेलें, तेथें कपडे काढतांना आढळलें कीं त्याच्या अंगाभोंवतीं सांखळी आहे, आणि दंडावर व पायांवरही सांखळ्या व दोर बांधले आहेत, त्यांना पदकें लावलेलीं आहेत. पवित्र मरियेच्या चरणीं वाहून घेतलेल्या दासाची ती खूण त्यानें वर्षानुवर्षें कपड्यांआड लपविली होती. ११ जून रोजीं, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशीं, त्याला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमींत पुरण्यांत आलें.

त्यानंतर जें झालें तें थोडक्यांत सांगतों. १९२६ सालीं सर जोसेफ ग्लिन यांनीं त्याचें छोटें चरित्र प्रसिद्ध केलें आणि हां हां म्हणतां तें अनेक देशांत पोंचलें. १९३१ सालीं डब्लिनच्या महागुरूंनीं चौकशी सुरू केली. १९७२ सालीं त्याच्या अस्थि शॉन मॅकडर्मट स्ट्रीटवरील लूर्दमातेच्या चर्चमध्यें आणण्यांत आल्या, व ३ ऑक्टोबर १९७५ रोजीं पोपमहाराज सहावे पॉल यांनीं त्याला वंदनीय ही पदवी दिली. पुढील पायरीसाठीं ख्रिस्तसभेनें मान्य केलेला चमत्कार लागतो. त्याला आम्ही येथें एकवचनीं लिहिलें तें अनादरानें नव्हे. वखारींतले त्याचे सोबती त्याला मॅटच म्हणत.

मॅटच्या मृत्यूला दहा वर्षें झालीं त्या सुमारास, १९३५ सालीं, अमेरिकेंतील अॅक्रन गांवीं एक शेअरदलाल व एक डॉक्टर, दोघेही बेवडेपणानें बुडालेले, एकमेकांना भेटले. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशीं आपलें खरें बोलला तर दोघेही त्या दिवसापुरते सावरतात, एवढाच त्यांचा शोध. त्यांतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा बंधुसंघ निघाला. ते दोघे कॅथोलिक नव्हते, तरी १९३९ सालीं त्याच गांवच्या संत थॉमस इस्पितळाचें दार सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीनें अशा रुग्णांसाठीं उघडलें, आणि १९४० सालीं फादर एडवर्ड डाऊलिंग या येशूसंघीयांनीं त्या शेअरदलालाला न्यूयॉर्कांत गांठून सांगितलें कीं, तुमच्या बारा पायऱ्यांचें संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेशीं मोठें साम्य आहे. आज मुंबईंत व आसपास या संघाचे पुष्कळ गट भरतात, त्यांतले बरेच चर्चच्या हॉलमध्यें किंवा शाळेच्या वर्गांत. तेथें फी नाहीं, आडनांव सांगावें लागत नाहीं, धर्म विचारीत नाहींत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. घरच्या मंडळीसाठीं अल-अॅनॉन नांवाचे वेगळे गट आहेत.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. धर्मगुरुपदाच्या पहिल्या कांहीं वर्षांत आम्हीही फादर मॅथ्यूंच्याच चालीनें वागलों. दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना एक मनुष्य रात्रीं आमच्या दारीं आला. आम्ही त्याच्याकडून मरियामातेच्या मूर्तीपुढें जन्माची प्रतिज्ञा घेतली, आशीर्वाद दिला, आणि त्याला एकट्यालाच घरीं पाठविलें. त्याची वाट तीन गुत्त्यांवरून जात होती. पुढल्या संध्याकाळीं तो कोठें बसणार हें आम्हीं विचारलें नाहीं. कोणाशीं गांठ घालून दिली नाहीं, डॉक्टरांकडे नेलें नाहीं. पुष्कळ वर्षें फार पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केली तर झटके येतात, वात होतो, प्रसंगीं जीव जातो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तसें करूं नये, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. त्याचा अंत्यविधि आम्हींच केला.

म्हणून आतां कोणी येऊन विचारतो कीं फादर, असा गट कोठें मिळेल, तेव्हां आम्ही त्याला नुसता पत्ता देत नाहीं, सोबत देतों. ज्याला आपल्याच गांवांत लाज वाटते त्यानें खुशाल शेजारच्या धर्मग्रामांतील गटाकडे जावें. पुष्कळजण तसेंच करतात, आणि तिकडचे इकडे येतात. एका गटांत मन रमलें नाहीं तर दुसरा पाहावा. पहिल्या दिवशीं बोललेंच पाहिजे असें नाहीं, मागच्या बाकावर बसलें तरी चालतें. आमच्या हॉलमागची लहान खोली आम्हीं या कामासाठीं दिली आहे. तिचें दार बाजूच्या गल्लींत उघडतें, चर्चच्या अंगणांतून जावें लागत नाहीं. दिवस आणि वेळ कचेरींत विचारल्यास कळेल. विचारणाऱ्याचें नांव लिहून घेऊं नये अशी ताकीद आम्हीं दिली आहे.

त्या गटानें जुबिली समितीकडे एकच मागणी केली होती. जेवणाच्या दिवशीं मंडपांत वाईन वांटली जाईल, तेव्हां लिंबाच्या सरबताचें टेबल एखाद्या कोपऱ्यांत न ठेवतां प्रवेशद्वाराशींच ठेवावें, म्हणजे कोणाला तें शोधीत फिरावें लागणार नाहीं. समितींत यावर बराच वाद झाला. टेबल प्रवेशद्वाराशींच असेल.